पिल्लू घरी आले, आता त्याला खायला काय?

मुलांच्या वार्षिक परीक्षा संपल्या, की कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट सुरू होतो. वाढदिवसाला, दिवाळीला तो पुन्हा डोके वर काढतो आणि एखाद्या वर्षी आईवडिलांचा विरोध मावळतो. फ्लॅट लहान, म्हणून कुत्राही लहान जातीचा हवा, हे ओघाने आलेच. मग पॉमेरेनियन, पग, शिह त्झू, ल्हासा आप्सो, डॅशुंड यांपैकी काहीतरी ठरते. पट्टा, वाटी, गादी, चेंडू यांची खरेदी आठवडाभर आधीच होते. नाव काय ठेवायचे, यावरून भावाबहिणींत भांडण होते. आणि ओंजळीत मावेल एवढा तो जीव घरात आला, की पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात प्रश्न उभा राहतो : याला द्यायचे काय?

उत्तर बहुतेक घरांत तयार असते. दूधपोळी. आजी सांगतात, "आमच्या वाड्यातला कुत्रा बारा वर्षे भाकरीवर जगला, त्याला कुठे पाकिटातले लागत होते?" आजींचे म्हणणे खोटे नसते. पण वाड्यातला तो कुत्रा दिवसभर गावात फिरत असे. खाटकाच्या दुकानापाशी, उकिरड्यावर, शेतात त्याला जे मिळे, त्याचा हिशेब घरात कोणी ठेवलेला नसे. त्याच्याबरोबर जन्मलेल्या पाच-सहा पिल्लांचे पुढे काय झाले, याचाही नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पिल्लाला मात्र घरातली माणसे वाटीत जे घालतील, तेवढेच मिळते. म्हणून त्या वाटीत काय पडते, याला महत्त्व आहे.

मूठभर पोट, भूक मात्र मोठी

लहान जातीच्या पिल्लाचे गणित मोठ्या कुत्र्यापेक्षा वेगळे असते. दोन-अडीच महिन्यांच्या, एक किलो वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. तीस किलोच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला किलोमागे पन्नासाच्या आतबाहेर पुरतात, तर साठ किलोच्या माणसाला पस्तिसाच्या आसपास. म्हणजे वजनाच्या मानाने या पिल्लाची भूक मोठ्या कुत्र्याच्या चौपट आणि घरच्या माणसांच्या सहापट असते. पोट मात्र मुठीएवढे! एका वेळी त्यात फारसे मावत नाही. म्हणून त्याचे अन्न थोडक्यात पुष्कळ देणारे असावे लागते आणि ते दिवसातून अनेकदा द्यावे लागते.

शिवाय हे सगळे फार लवकर घडते. मोठ्या जातीचा कुत्रा दीड-दोन वर्षे वाढत राहतो. लहान जातीचे पिल्लू आठ ते दहा महिन्यांत, फार तर वर्षभरात पूर्ण वाढते. हाडे, दात, स्नायू सगळे त्या थोड्या महिन्यांत तयार व्हायचे असते. त्या काळात जे कमी पडते, ते पुढे भरून काढणे अवघड जाते.

आता दूधपोळीकडे पाहू. पोळीने पोट भरते, पण वाढीला लागणारी प्रथिने तिच्यात थोडी. दुधात कॅल्शियम असते, हे सर्वांना ठाऊक असते आणि तेवढ्यावरच सगळे निर्धास्त असतात. पण एक किलोच्या पिल्लाला दिवसाला सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नुसत्या दुधातून गरज भागवायची, तर त्या एवढ्याशा जिवाला रोज अर्धा लिटर दूध पाजावे लागेल. ते त्याच्या पोटात मावणार नाही आणि मावले तरी टिकणार नाही.

टिकणार नाही, कारण दुधातली साखर. आईचे दूध पिणाऱ्या पिल्लाला ती पचते, पण अंगावरचे दूध सुटले की ती पचवण्याची शक्ती कमी होत जाते. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक आणि साखर कमी असते. म्हणजे गाईचे दूध पिल्लाच्या दृष्टीने एकाच वेळी पातळही आणि जादा गोडही. घरी आल्यावर दोन दिवसांत पिल्लाला जुलाब लागतात, ते पुष्कळदा याच दुधाचे असतात. दही त्यामानाने बरे, चमचाभर चालते. म्हशीचे दूध पाणी घालून देण्याने प्रश्न सुटत नाही.

दुसरे टोक म्हणजे "कुत्रा मांसाहारी, त्याला नुसते चिकन घाला" असे सांगणारे शेजारी. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरते असते. हा तोल बिघडला, की रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम काढू लागते. दोन-तीन महिने नुसत्या चिकन-भातावर वाढलेले गुबगुबीत पिल्लू सोफ्यावरून उडी मारते आणि पाय मोडून बसते. घरच्यांना वाटते, उडी चुकली. क्ष-किरण चित्रात हाडे कागदासारखी दिसतात.

सकाळी गळून पडलेले पिल्लू

लहान जातीचे पिल्लू आणताना एक गोष्ट विकणारा क्वचितच सांगतो आणि ती सांगितली नाही, तर जीव जाऊ शकतो. या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. अंगावर चरबी नसते, स्नायू जेमतेम असतात. काही तास पोट रिकामे राहिले, थंडी वाजली, प्रवासाचा ताण झाला किंवा मुलांनी दिवसभर खेळवून दमवले, तर रक्तातली साखर एकदम उतरते. पिल्लू सुस्त होते, झोकांड्या खाते, थरथरते, हाक मारली तरी बघत नाही. पुढे झटके येतात. रात्री नऊला खाऊन झोपलेले पिल्लू सकाळी आठला गळून पडलेले सापडते आणि घरचे त्याला झोप लागली असे समजून आणखी तासभर तसेच ठेवतात.

अशा वेळी मध, ग्लुकोज किंवा साखरेचे दाट पाणी बोटावर घेऊन पिल्लाच्या हिरड्यांना चोळावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात चमच्याने काही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. उबदार कापडात गुंडाळून लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पिल्लू सावरल्यासारखे वाटले, तरी न्यावेच, कारण साखर पुन्हा उतरू शकते.

हे टाळणे मात्र सोपे आहे. तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून चार वेळा खायला द्यावे. शेवटचे खाणे रात्री घरची माणसे झोपायला जातील तेव्हा आणि पहिले सकाळी दूधवाला येईल तेव्हा, असे ठरवले की मधले अंतर लांबत नाही. पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा पुरते. ज्या घरात नवराबायको दोघेही नोकरीला जातात आणि दुपारी कोणी नसते, त्यांनी पिल्लू आणण्याआधीच या दुपारच्या खाण्याची सोय पाहावी. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेवणे हा वाईट मार्ग नाही.

पिल्लू फार लहान आणूही नये. कुत्र्यांची पैदास व विक्री यासंबंधी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार दोन महिन्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तरी "तीस-पस्तीस दिवसांचे आहे, लवकर लळा लागेल" असे म्हणून ते हातात ठेवणारे भेटतात. एवढ्या पिल्लाला अजून धड खाता येत नसते. त्याने आईजवळ असायला हवे.

पाकीट उलटे करून पाहावे

विकत मिळणारे कोरडे खाद्य ही काही कालपरवाची गोष्ट नाही. जेम्स स्प्रॅट या गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली, ती १८६० च्या दशकात. आज दुकानात गेले, की पाकिटांच्या भिंती उभ्या असतात. प्रत्येकावर तुकतुकीत कुत्र्याचे चित्र, गाजर-मटारांची रास आणि मोठी मोठी आश्वासने. गृहिणी तेलाचा डबा घेताना मागची बारीक अक्षरे वाचते, तसेच इथेही करावे.

पहिल्यांदा दोन गोष्टी शोधाव्यात. हे खाद्य पिल्लांसाठी म्हणजे 'पपी' किंवा वाढीच्या वयासाठी आहे का, आणि ते 'संपूर्ण व संतुलित' आहे असे लिहिले आहे का. मोठ्या कुत्र्यांचे खाद्य थोडे स्वस्त पडते, म्हणून तेच पिल्लाला घालणारे पुष्कळ आहेत. त्यात प्रथिने, कॅल्शियम, स्निग्धांश हे सगळे मोठ्या कुत्र्याच्या बेताने असते. नुसत्या रस्सा-पाकिटांपैकी काही तर केवळ चव आणण्यासाठी असतात, त्यांवर तसे लिहिलेलेही असते. ती रोजचे जेवण म्हणून देऊ नयेत.

मग आकडे. अमेरिकेत पशुखाद्याचे जे मापदंड ठरले आहेत आणि जगभरच्या कंपन्या ज्यांचा आधार घेतात, त्यांत वाढत्या पिल्लाच्या खाद्यात पाणी वगळून किमान २२.५ टक्के प्रथिने, ८.५ टक्के स्निग्धांश आणि १.२ टक्के कॅल्शियम असावे, असे म्हटले आहे. लहान जातींसाठीच्या चांगल्या खाद्यात प्रथिने आणि स्निग्धांश याहून बरेच जास्त असतात.

'पाणी वगळून' हे शब्द महत्त्वाचे. कोरड्या दाण्यांत दहा टक्के पाणी असते आणि डब्यातल्या ओल्या खाद्यात पंचाहत्तर ते ऐंशी. त्यामुळे कोरड्या पाकिटावर प्रथिने २८ टक्के आणि ओल्या डब्यावर ८ टक्के पाहून दुसरे खाद्य निकृष्ट वाटते. ओल्यात ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत ८ भाग प्रथिने, म्हणजे छत्तीस टक्के झाली. कोरड्यात नव्वदात अठ्ठावीस, म्हणजे एकतीस. तरीही मध्यमवर्गीय घराला कोरडे खाद्यच परवडते आणि टिकते. ओले कधीतरी, पिल्लाची भूक मंदावली तर, दाण्यांत चमचाभर कालवायला ठीक.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. त्यात पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासे, अंडे किंवा मांसाची भुकटी दिसावी. सगळी सुरुवात मका आणि गव्हाच्या कोंड्याने होत असेल, तर पाकीट परत ठेवावे. पण धान्य दिसले की दचकायचे कारण नाही. कुत्रा लांडग्यापासून वेगळा झाला, तो माणसाचे पिष्टमय अन्न पचवायला शिकत शिकत. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये कुत्र्याच्या जनुकांत याचा पुरावा दाखवला. 'धान्यविरहित' म्हणून दुप्पट किमतीने विकल्या जाणाऱ्या खाद्यांचा बराच गाजावाजा होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. संबंध ठामपणे सिद्ध झाला नाही, पण निरोगी पिल्लासाठी ते जादा पैसे मोजण्याचे कारणही कोणी दाखवलेले नाही.

'लहान जातींसाठी' या शब्दांत मात्र तथ्य आहे. दाणा लहान असतो. दुधाचे अठ्ठावीस दात असलेल्या चिमुकल्या जबड्याला मोठा दाणा फुटत नाही, पिल्लू तो तसाच गिळते किंवा नाकारते. पहिले काही आठवडे दाणे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून द्यावेत. दुधात नव्हे. पिल्लू अडीच-तीन महिन्यांचे झाले, की पाणी कमी करत जावे. चार ते सहा-सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येतात. लहान जातींत दुधाचा दात न पडता नवा शेजारी उगवण्याचा प्रकार फार. म्हणून त्या दिवसांत मधूनमधून तोंड उघडून पाहावे.

पॉमेरेनियन, की स्पिट्झ?

पाकिटाच्या मागे किती ग्रॅम द्यावे, याचा तक्ता असतो. तो बहुधा पिल्लू मोठेपणी किती किलोचे होणार, यावरून बनवलेला असतो. आणि इथे आपल्याकडे एक गंमत होते. भारतात पॉमेरेनियन म्हणून जी पांढरीशुभ्र पिल्ले घरोघर आहेत, त्यांतली बरीच खरी पॉमेरेनियन नाहीत. ती इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी घरोघर पोहोचला, तोही स्पिट्झच. खरा पॉमेरेनियन मोठेपणी दोन ते तीन किलोंच्या आसपास भरतो, तर स्पिट्झ पाच-सात किलोंचा आणि मोठ्या चणीचा असेल तर त्याहून कितीतरी अधिक. तक्त्यातली चुकीची ओळ धरली, तर पिल्लू उपाशी तरी राहते किंवा लठ्ठ तरी होते. म्हणून पहिल्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना सरळ विचारावे, हे मोठेपणी किती किलोचे होईल?

तक्त्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून वजन घ्यावे आणि वहीत लिहावे. मुलांना हे काम आवडते. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना लागाव्यात, पण नजरेला दिसू नयेत. वजन वाढत नसेल, पोट मात्र नगाऱ्यासारखे असेल, तर दोष खाद्याचा नसून बहुधा जंतांचा असतो. खाद्य बदलण्याआधी जंतांचे औषध वेळेवर झाले आहे का, ते पाहावे.

पगच्या बाबतीत उलटे होते. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग आला आणि शहरोशहरी पग दिसू लागले. त्याचे कपाळावर आठ्या घातलेले करुण तोंड पाहून घरातला प्रत्येक जण आपल्या ताटातला घास त्याला देतो. आखूड नाकामुळे त्याला मुळातच श्वास कष्टाने घ्यावा लागतो, त्यात चरबी वाढली की उन्हाळ्यात जीव घाबरतो. डॅशुंडच्या लांब पाठीला आणि पॉमेरेनियनच्या नाजूक गुडघ्यांनाही जादा वजन सोसत नाही. खाऊ द्यायचाच तर दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा आणि तेवढे दाणे वाटीतून काढून ठेवावेत.

घरात अंडेही चालत नाही तेव्हा

पिल्लाचा हट्ट मुलांनी केलेला, स्वयंपाकघर सासूबाईंचे आणि घरात अंडेसुद्धा येत नाही, असा पेच इंदूर-बडोद्यापासून पुण्यापर्यंत कितीतरी घरांत पडतो. पिल्लू येण्याआधी यावर मोकळेपणाने बोलून घेतलेले बरे. कुत्रा मांजरासारखा मांसावाचून अडून बसणारा प्राणी नाही. शाकाहारी तयार खाद्ये मिळतात. पण पिल्लासाठी घ्यायचे, तर ते वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहे, असे पाकिटावर असायलाच हवे. वरणभातावर पिल्लू वाढवू, हा विचार मात्र सोडून द्यावा. कित्येक घरांनी सुवर्णमध्य काढला आहे : पिल्लाचे खाद्य बाल्कनीतल्या वेगळ्या डब्यात, वाटी वेगळी, धुण्याची जागा वेगळी. सासूबाई स्वतः घालत नाहीत, पण वेळ झाली की "अगं, त्याचं राहिलं" अशी आठवण त्याच करतात.

घरी शिजवूनच द्यायचे असेल, तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्यावे. किती मांस किंवा पनीर, किती भात, कॅल्शियम कोणते आणि किती, तेल किती, जीवनसत्त्वे कोणती. अमेरिकेत २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इतर ठिकाणच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. त्यांतल्या कित्येक तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या! याउलट संपूर्ण तयार खाद्य देत असताना वरून कॅल्शियमचे सिरप पाजू नये. औषधाच्या दुकानातून ते सहज मिळते, म्हणून घरोघर पाजले जाते, पण जादा कॅल्शियमने जस्तासारखी इतर द्रव्ये शोषली जात नाहीत.

काही जिन्नस कोणत्याही घरात पिल्लापासून दूर ठेवावेत. मनुका, बेदाणे आणि द्राक्षे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा मुलाला कौतुकाचा, पण एक किलोच्या पिल्लाला थोडेसेही फार होते. कांदा आणि लसूण, मग ते रश्शात शिजलेले का असेनात, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट विषारी आहे. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल, तर एखादी गोळीही जिवावर बेतते. चिकनची शिजवलेली हाडे टोकदार फुटून आतड्यात रुततात. पिल्लाने यातले काही खाल्ल्याचे कळले, तर ओकण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

मोठे पाकीट, मोठी बचत?

दहा किलोचे पाकीट किलोमागे स्वस्त पडते, म्हणून घ्यावेसे वाटते. पण एक किलोचे पिल्लू दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम दाणे खाते. पुढे ते वाढून ऐंशी ग्रॅमवर गेले, तरी दहा किलो संपायला चार महिने लागतात. पाकीट उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपवलेले बरे. त्यानंतर त्यातले तेल खवट होऊ लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दमटपणाने बुरशी धरते आणि बुरशीचे विष यकृतावर जाते. म्हणून एक-दीड किलोचेच पाकीट घ्यावे आणि तोंड घट्ट बांधून, पाकिटासकट झाकणाच्या डब्यात ठेवावे. दुकानदार पोत्यातून सुटे मोजून देतो, ते स्वस्त असले तरी घेऊ नये. त्यावर ना तारीख असते, ना यादी. ते पोते केव्हा उघडले, हे दुकानदारालाही आठवत नसते.

खाद्य ठरले, तरी पहिल्या दिवसापासून ते सुरू करू नये. विकणाऱ्याकडे पिल्लू जे खात होते, तेच पहिले दोन-तीन दिवस द्यावे. नवे घर, नवी माणसे यांनीच त्याचे पोट बिघडायला टेकलेले असते. मग पाव भाग नवे, तीन भाग जुने, असे सुरू करून आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. शेण पातळ झाले तर एक पायरी मागे यावे. दहा ते बारा महिन्यांचे झाल्यावर मोठ्या कुत्र्याच्या खाद्यावर जाताना पुन्हा हेच करायचे. त्याच सुमाराला नसबंदी झाली असेल, तर कुत्र्याची भूक वाढते आणि गरज मात्र घटते. तेव्हा वहीतले वजन पाहून वाटीतले दाणे थोडे कमी करावेत.